पद्मिनीतला इलेक्ट्रिक पंप आणि रेग्युलेटर : दहा महिने, साडेचार हजार किलोमीटर

हा अनुभव मी सप्टेंबरमध्येच लिहायला घेतला होता. तेव्हा शीर्षक होतं ‘हा रेग्युलेटर घेऊ नका’. तो मजकूर पुसून टाकला ते बरं झालं, कारण दोष रेग्युलेटरचा, म्हणजे कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या भागाचा, नव्हताच.

गाडी बाबांची, १९८८ची प्रीमियर पद्मिनी. गेल्या मे महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला येताना खंबाटकी चढताना ती अर्ध्या घाटात बंद पडली. दुपारचे दोन, मागे ट्रकांची रांग, शेजारच्या सीटवर आई. पद्मिनीवाल्यांना याचं औषध माहीत असतं : टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरला पोचवणाऱ्या पंपावर ओला फडका टाकायचा, वीस मिनिटं थांबायचं आणि मग सेल मारायचा (स्टार्टर फिरवायचा). बाबांनी आयुष्यभर हेच केलं, डिकीत पाण्याची बाटली आणि फडका कायम असायचा. त्या दिवशी मात्र फडका तीनदा टाकावा लागला. उन्हानं आईचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याच संध्याकाळी ठरवलं, आता फडका पुरे.

मूळ पंपाला नावं ठेवायची नाहीत. पस्तीस वर्षं त्यानं काम केलं. पण तो इंजिनालाच बोल्टनं बसवलेला असतो, म्हणजे स्वतः तापतो, आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना पाइपातला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोलची वाफ लवकर होते. एकदा वाफ झाली की पंपातला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा, नुसता हवाच हलवत बसतो. त्यात आता पेट्रोल भरायला गेलं की वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पंप उघडला तेव्हा डायफ्राम फुगून मऊ पडलेला होता आणि रबरी पाइप बोटानं दाबला की चिकट लागत होता. इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ, थंड जागी बसतो आणि पेट्रोल ढकलतो. ढकललेल्या पेट्रोलवर दाब असतो, म्हणून त्याची वाफ सहजी होत नाही. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

खर्च सांगते, कारण मी खरेदीआधी सगळीकडे तोच शोधत होते. पंप १,६५०, रेग्युलेटर १,४००, त्याच्यावर बसणारा, दाब दाखवणारा छोटा ग्लिसरीन भरलेला गेज ५५०, दोन फिल्टर २४०, रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि फ्यूज २००. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या पंपाच्या भोकावर बसवायला प्लेट कापून घेतली, पॅकिंगसह ३००. पाइपाला पैसे वाचवू नका. इंजेक्शनच्या गाड्यांचा, ‘एसएई जे३० आर९’ छापलेला घ्या, इथेनॉलला तो टिकतो. मी चार मीटरचे १,४०० दिले तेव्हा जिवावर आलं होतं, आज नाही.

खरेदीतली चूक माझीच. पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरला अडीच-तीन पीएसआय (दाबाचं एकक) पुरतात. त्याहून जास्त दाब आला की फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरली की वाट बंद करणारी सुई, पेट्रोल अडवू शकत नाही. अडीच ते चार पीएसआयचा पंप मागायला हवा होता, दुकानदारानं चार ते सातचा दिला आणि वर रेग्युलेटर घ्या म्हणाला. मला वाटलं, जास्त ताकद म्हणजे चांगलंच. योग्य पंप घेतला असता तर रेग्युलेटरवाचून कदाचित निभावलं असतं.

बसवल्यावर पहिले पंधरा दिवस मी हरखून गेले होते. पूर्वी गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल मारून मारून बॅटरी बसायची, कारण कार्बोरेटरची वाटी कोरडी पडलेली असायची. आता चावी फिरवायची, मागून टकटक ऐकू येते, वाटी भरली की टकटक मंदावते आणि अर्ध्या सेलमध्ये गाडी सुरू. टकटक आधी फार मोठी होती. पंप सरळ पत्र्याला आवळला होता. खाली रबराचे बूश घातल्यावर आवाज इतका उतरला की आता खिडक्या बंद असल्या तर ऐकूही येत नाही.

मग तो गेज. सकाळी बरोबर अडीच दाखवायचा. ताराराणी चौकात अर्धा तास अडकून घरी आले की एक, कधी अर्धा. मी रेग्युलेटर थोडा उघडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेचार! कार्बोरेटरमधून पेट्रोल पाझरलेलं, बॉनेट उघडताच भपकारा, प्लग काळे. तेराचं ॲव्हरेज नऊवर आलं. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय हे कळत असल्यामुळे मला रात्री झोप लागेना. रेग्युलेटर तापला की दाब सोडतो, असं मी ठरवून टाकलं आणि दुकानात भांडून तो बदलून आणला. नवा बसवला, तीच रड. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी चक्क सांगितलं, बसवलेला माल परत होत नाही. मी काउंटरवर खूप बोलले.

सप्टेंबरअखेर मिस्त्री मामांकडे गाडी नेली. त्यांनी गेजकडे बघितलं, हात लावला आणि म्हणाले, “ताई, ह्यो गेज कढत झालाय. आदी त्यालाच तपासूया.” त्यांच्याकडचा जुना, बिनतेलाचा मोठा गेज त्यांनी दीड मीटर पाइप लावून बॉनेटबाहेर काचेपाशी ठेवला. गाडी तासभर चालू ठेवली. पंखा सुरू, इंजिन रसरसलेलं. काटा साडेचारवर. सकाळी होता तिथेच, रेषभरही हलला नाही. मग त्यांनी स्क्रू फिरवून काटा अडीचवर आणला, तो तिथेच राहिला. आमचा छोटा गेज मात्र आता अर्धा दाखवत होता.

घरी येऊन हिशेब केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ग्लिसरीनचा गेज सीलबंद असतो, आत थोडी हवा राहते. ती ३० अंशांवरून ७० अंशांवर गेली की तिचा दाब सुमारे १३ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास दोन पीएसआयनं वाढतो. हा दाब काटा हलवणाऱ्या आतल्या नळीला बाहेरून दाबतो आणि काटा तेवढाच मागे येतो. अडीचमधून दोन गेले, उरला अर्धा. मोठ्या दाबाच्या कामात दोन पीएसआयची चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही. आपलं सगळं काम अडीचचं आहे, इथे तीच चूक गाडी पेटवू शकते. गेजच्या डोक्यावरची रबरी गुडदी क्षणभर उचलली तर हवा सुटते आणि काटा पुन्हा बरोबर येतो, तेही करून पाहिलं. पण माझं मत स्पष्ट आहे : बाहेरून साधा गेज लावून दाब ठरवा, मग गेज काढून त्या भोकाला प्लग मारा. बॉनेटखाली कायमचा गेज ठेवूच नका.

दुकानात जाऊन माफी मागितली. काउंटरवरच्या काकांनी चहा पाजला. तरी एक तक्रार त्यांच्यासमोरही केली आणि इथेही करते : रेग्युलेटरवरचे एक ते सहा आकडे कशाचेच नाहीत. माझा ‘दोन’वर ठेवला तर साडेतीन देतो. त्या आकड्यांवर विसंबून कुणी गाडी चालवली तर?

त्यानंतर एकच त्रास उरला. गरम गाडी वीस मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू होताना फ्लड व्हायची, म्हणजे इंजिनात नको तेवढं पेट्रोल जायचं. पंपात उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पाइपात कोंडलेलं पेट्रोल तापून फुगतं आणि सुईतून वाटीत घुसतं. मामांनी रेग्युलेटरनंतर टी (तीन तोंडांचा जोड) घालून एक मिलिमीटर भोकाची पितळी जेट बसवली आणि तिथून टाकीत परत जाणारी बारीक नळी टाकली. खर्च ६५०. दाब थोडा उतरला, तो पुन्हा अडीचवर आणला. ऑक्टोबरच्या उन्हात कणकवलीहून फोंडा घाट चढून आले, वर दाजीपूरला चहाला थांबले, परत पहिल्या सेलला सुरू. आई म्हणाली, “बाटली आणली नाहीस?” बाटली होती, फडकाही होता. दोन्ही कोरडे.

वायरिंगबद्दल पोटतिडकीनं सांगते. आमच्या वायरमननं आधी पंप सरळ चावीवर जोडला होता. तसं कुणीही ठेवू नका. अपघातात इंजिन बंद पडलं तरी चावी चालूच राहते आणि पंप फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो. जुन्या पंपात ही भीती नव्हती, इंजिन थांबलं की तोही थांबायचा. मी रिलेच्या वायरीत इनर्शिया स्विच घातला. जुन्या फोर्ड गाड्यांत तो असायचा, भंगारवाल्याकडे २५० रुपयांत मिळाला. जोराचा धक्का बसला की तो करंट तोडतो, मग वरचं बटण दाबून पुन्हा चालू करायचा. बसवायच्या आधी हातात धरून लाकडी टेबलावर आपटून पाहिला, करंट तुटला. मगच डॅशबोर्डखाली आवळला.

आज ॲव्हरेज साडेबारा. पंपाआधीचा फिल्टर एकदा बदलला, त्यात टाकीतला गंज चमचाभर निघाला. तो पंपात गेला असता तर १,६५० पाण्यात. पुढचा फिल्टर एप्रिलमध्ये. जुना पंप नवा डायफ्राम घालून, कापडात गुंडाळून डिकीत ठेवलाय, सोबत पॅकिंग आणि दोन पाने. मामा म्हणाले, रस्त्यात वेळ आलीच तर प्लेट काढून अर्ध्या तासात तो परत बसतो. पुढच्या रविवारी मी ते अंगणात एकदा करून बघणार आहे.