ट्रकमध्ये रिकाम्या तेलाच्या कॅनचं सामान-कपाट: उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढल्यावरचा अनुभव

टूलबॉक्समध्ये जॅक, टॉमी (जॅक फिरवायचा लोखंडी दांडा) आणि चाकपाना गेला की बाकीच्याला जागाच उरत नाही. मग रस्सी सीटमागे, बल्ब-फ्यूज डॅशबोर्डवर आणि ग्रीसने माखलेलं फडकं ज्याला सापडेल त्याचं. सोलापुरातून हैदराबाद, विजापूर, पुणे अशा लाईनवर चालणाऱ्या गाडीत रिकामे कॅन कापून लावले आणि दोन्ही ऋतूंत वापरले. जाड कॅन आणि नीट आवळलेला बोल्ट असेल तर हे काम टिकतं, नाहीतर भंगारवाल्याचा फायदा.

कॅन घेताना आधी उलटा करून तळ बघा. त्रिकोणात २ असेल तर ते एचडीपीई, म्हणजे जाड, दुधी किंवा रंगीत, दाबलं तर परत फुगणारं प्लास्टिक. १ असेल तर ते पेट, काचेसारखं आरपार दिसणारं. खाद्यतेलाचे पाच लिटरचे जार दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून दिसण्यावर जाऊ नका. पेटचा जार कापला की काठ धारदार राहतो, गाडीच्या हादऱ्याने त्याच काठापासून भेग धावते. शिवाय पेट उन्हात नरम पडतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, बंद केबिनची गोष्टच सोडा. आमच्या मते पंधरा लिटरचा खाद्यतेलाचा कॅन सगळ्यात उत्तम. इंजिन ऑइलचे कॅनही जाड असतात, पण ते फक्त मळक्या कामाला. खायची वस्तू आणि पिण्याचं पाणी त्यात कधीच नको, कितीही धुतला तरी.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांमुळे डीईएफचे, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायच्या युरियाच्या पाण्याचे, वीस लिटरचे रिकामे कॅन ढाब्यावर आणि पंपावर ढिगाने दिसतात. घ्यायचे तर साध्या पाण्याने तीन-चारदा विसळून पूर्ण वाळवा. युरियाचे पांढरे खडे तोंडाच्या आट्यांत लपून बसतात आणि तांबं, पितळ, साधं लोखंड खातात. अर्धवट धुतलेल्या कॅनात बल्ब आणि वायरचे टर्मिनल ठेवले तर ते हिरवे पडणारच. आणि या कॅनात डिझेल भरून ठेवू नका. अंधारात कोणीतरी ते डीईएफच्या टाकीत ओतेल आणि खर्च किती येतो ते वर्कशॉपवाला सांगेल.

तेलकट कॅन धुवायला आधी मूठभर लाकडाचा भुसा आत टाकून जोरात हलवा आणि भुसा झाडून टाका. मग कडकडीत नव्हे, हाताला सोसेल इतकं गरम पाणी, दोन चमचे धुण्याचा सोडा, थोडी साबण पावडर. उकळतं पाणी ओतलं तर तळ फुगतो आणि कॅन उभा राहत नाही.

कापताना जेवढं तोंड उघडायचं त्याच्या चारही कोपऱ्यांवर आधी ६ मिमी ड्रिलने भोक पाडा, मग हॅक्सॉ ब्लेडने एका भोकातून दुसऱ्यात कापत जा. कोपरा गोल राहिला की भेग सुरू होत नाही, हे एवढंच खरं गुपित. तापवलेल्या सुरीने काम पटकन होतं खरं, पण काठाला गाठी येतात आणि धूर छातीत जातो. पेट्रोल किंवा थिनरच्या कॅनाला तर आच लावायचीच नाही. काठावर पॉलिश पेपर फिरवा, मग जुन्या एअर पाईपचा तुकडा लांबीला चिरून चढवा. हात कापत नाही.

सगळ्यात कामाला आला तो रस्सीचा कॅन. पंधरा लिटरच्या कॅनाला वरच्या अंगाला हात जाईल एवढी खिडकी कापली. तळाला भोक पाडून रस्सीचं एक टोक तिथून बाहेर काढलं आणि गाठ मारली. उरलेली रस्सी वेटोळं न घालता खिडकीतून जशी येईल तशी आत कोंबत गेलो, शेवटचं टोक तोंडातून बाहेर. ओढली की सरळ येते, गुंता नाही. वेटोळं घातलं तर मात्र हटकून अडकते, कारण वेटोळी एकमेकांच्या पोटातून जातात. १२ मिमीची ३० मीटर नायलॉन रस्सी आरामात बसते. तळाला ५ मिमीची आणखी चार भोकं हवीतच, नाहीतर पावसात ओली ठेवलेली रस्सी पाण्यात बसते. तागाची असेल तर आठवड्यात कुबट वास आणि मग कुज.

बसवायला गोंद विसरा. इन्स्टंट ग्लू काय, एपॉक्सी काय, एचडीपीईवर काहीच धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटून येतं. ६ मिमीचे बोल्ट, नायलॉन लॉकचे नट आणि प्लास्टिकच्या बाजूला किमान २५ मिमीचा रुंद वॉशर. छोट्या वॉशरने भोक हळूहळू लांबट होतं आणि एक दिवस बोल्ट आरपार निघतो. वॉशरखाली टायरच्या ट्यूबचा गोल तुकडा घातला तर आवाजही जातो. आत पान्यांचा खडखडाट होतो त्याला जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा तळाला पुरे. चेसिसला भोक पाडायचं नाही. फळीच्या बाजूला किंवा केबिनच्या मागच्या पत्र्यावर आधी लाकडी पट्टी लावा आणि तिच्यावर कॅन बसवा.

पाच लिटरच्या कॅनात चार किलोच्या वर भरू नका. जॅक नाही, टॉमी नाही. केबिनमध्ये पेडलजवळ काहीच मोकळं ठेवायचं नाही, कचकन ब्रेक मारला की कॅन ब्रेकखाली घुसतो. डोक्याच्या वरही नको.

टिकण्याचं म्हणाल तर टपावर ठेवलेले दुधी कॅन उन्हाने पिवळे पडून मुठीजवळ तडकले. गडद रंगाचे त्याच जागी अजून धड आहेत. सायलेन्सरपासून वीतभर अंतर राखूनही एक कॅन वाकडा झाला, तेव्हा तिथे हातभर ठेवा.

कापलेल्या कॅनाची वरची बाजू फेकू नका. झाकण काढलं की ते नरसाळं. ऑइलसाठी एक, कूलंटसाठी वेगळं, आणि डीईएफसाठी तिसरं, त्याला ऑइलचा थेंबही लागता कामा नये. मार्करची अक्षरं डिझेलने पुसतात, म्हणून मुठीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा.

हात धुण्याच्या पाण्यासाठी कॅनाला अर्धा इंची नळ बसवायचा तर टँक निपल (भोकात बसवायचा आट्यांचा तुकडा) आणि दोन्ही बाजूंना रबर वॉशर लागतो. नळ तळापासून दोन बोटं वर. पाणी येत नसेल तर झाकण सैल करा, आत हवा जायला वाट हवी. भरलेल्या पंधरा लिटरच्या कॅनाचं वजन पंधरा किलोच्या वर जातं, त्याला बोल्टसोबत रॅचेट बेल्टही (खटका मारून आवळायचा पट्टा) लावा. मागचा दिवा, नंबर प्लेट आणि रिफ्लेक्टरची पट्टी त्याच्याआड जाणार नाही एवढं बघून मगच भोकं पाडा.