थायमस ‘जागवणाऱ्या’ कॅप्सूल: फसवणूक नेमकी कुठे होते

छातीच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘थायमसच्या जागी चरबी’ अशी ओळ असते आणि तिथूनच सुरुवात होते. विक्रेता त्या ओळीवर बोट ठेवतो, “प्रतिकारशक्तीची ग्रंथीच मेली आहे” म्हणतो आणि थायमसच्या अर्काचा तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात मारतो. पन्नाशीच्या निरोगी माणसाच्या स्कॅनमध्येही तिथे बहुतेक चरबीच दिसते. मराठी परिभाषेत तर थायमस ग्रंथीचं नावच यौवनलोपी, म्हणजे तारुण्यात लोप पावणारी, असं आहे.

ती छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला असते. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी इथे टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बनतात. ज्या आपल्याच शरीरावर उठतील त्या आणि ज्या निरुपयोगी ठरतील त्याही इथेच मरतात. शंभरातल्या पाचही बाहेर पडत नाहीत. वयात आल्यावर ग्रंथी आक्रसत जाते, पण आधी बाहेर पडलेल्या टी-पेशी विभागत राहतात आणि संख्या सांभाळतात.

कॅप्सूलमध्ये ‘थायमोसिन’ असल्याचं सांगतात. थायमोसिन अल्फा-1 हे 28 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाची छोटी साखळी, आहे. काही देशांत ते औषध म्हणून देतात, पण त्वचेखाली टोचून. गिळलं तर पोटात साध्या प्रथिनासारखं पचून जातं.

खरा घात कोर्स लागू पडल्याचा पुरावा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या ‘आधी आणि नंतर’च्या रक्ततपासणीत आहे, कारण अहवाल बनावट नसतो. पहिलं रक्त सकाळी, बहुधा आजारपणातून उठल्या उठल्या घेतात, दुसरं संध्याकाळी. रक्तातल्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) सकाळी कमी असतात, रात्रीकडे वाढतात, आणि विषाणूच्या आजारात घटलेली संख्या आपोआप भरून येते. प्रौढांत सीडी-4 पेशी (टी-पेशींचाच एक प्रकार) दर मायक्रोलिटरला साधारण 500 ते 1500 असतात. 650 चे 900 झाले, तर ते काहीही न घेताही होतं. शिवाय हा आकडा थायमसचं काम मोजतच नाही. त्यासाठी नव्या टी-पेशींमधले ‘ट्रेक’ नावाचे डीएनएचे तुकडे मोजतात; ती तपासणी विक्रेता कधीच सुचवत नाही.

पैसे गेले तर एक वेळ सोसता येतं. पण अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) असलेल्या माणसाला “आता प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सोडा” असं सांगितलं, तर बसवलेलं मूत्रपिंड शरीर नाकारू शकतं, मायस्थेनियात श्वासाचे स्नायू थकू शकतात. असा सल्ला मिळाला असेल तर गोळ्या सोडू नका आणि कॅप्सूलचा डबा घेऊन आजच आपल्या डॉक्टरांकडे जा.