चार दोऱ्यांचं घरगुती ओव्हरलॉक: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दोन सुया, दोन लूपर (सुईच्या दोऱ्यात आपला दोरा गुंफणारे आकडे), बाजूला सुरी आणि डिफरेन्शियल फीड असलेलं हे मशीन. नऊ महिन्यांत त्यावर होजिअरीचे टी-शर्ट, पायजमे, फ्रॉक आणि भरपूर अस्तरं निघाली. घेण्याआधी एक नक्की समजून घ्या: साधं शिलाई मशीन विकून हे आणू नका. काज, चेन, टक्स, वरची टीप ही सगळी कामं साध्या मशीनवरच होतात. ओव्हरलॉक शिवता शिवता कड कापतं आणि कापलेली कड लगेच दोऱ्याने गुंडाळतं. एवढंच करतं, पण होजिअरीचा कपडा घरात शिवायचा असेल तर त्याला तोड नाही.

बहुतेक जण कंटाळतात ते दोरा ओवण्याला. क्रम असा: आधी वरचा लूपर, मग खालचा, आणि सुया सगळ्यात शेवटी. सुया ओवलेल्या असताना खालच्या लूपरचा दोरा तुटला आणि तेवढाच पुन्हा ओवला, तर तो सुईच्या दोऱ्यात अडकतो आणि चार-सहा टाक्यांत परत तुटतो. अशा वेळी दोन्ही सुयांचे दोरे काढा, लूपर ओवा, मग सुया. अर्ध्या तासाची चिडचिड वाचते. ओवताना प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर हवा, म्हणजे टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चकत्या उघड्या राहतात. फूट खाली असताना ओवलं तर दोरा चकत्यांच्या आत बसतच नाही. टाका सैल लोंबतो आणि डायल कितीही फिरवली तरी फरक पडत नाही. रंग बदलताना कोनजवळ (दोऱ्याच्या रिळाजवळ) दोरा कापून नव्याशी गाठ मारा, टेन्शन शून्यावर आणा आणि हळूहळू ओढून घ्या. सुईच्या नेढ्यापाशी मात्र गाठ कापून हाताने ओवा.

टेन्शन शिकायला चार सुट्या रंगांचे दोरे लावून एक पट्टी शिवा. दोन्ही लूपरचे दोरे कापडाच्या कडेवरच एकमेकांना भेटायला हवेत. वरच्या लूपरचा रंग खालच्या बाजूला वळलेला दिसला तर वरचा सैल आहे किंवा खालचा घट्ट. उलट दिसलं तर कारणही उलट. शिवण उघडून ओढल्यावर मध्ये शिडीसारखे दोरे दिसले तर डाव्या सुईचं टेन्शन वाढवा. एका वेळी एकच डायल, अर्धा आकडा. चारही एकदम फिरवल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

या मशीनचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते डिफरेन्शियल फीडमुळे. कापड सरकवणारे पुढचे आणि मागचे दाते वेगवेगळ्या वेगाने चालतात. डायल १ वर ठेवून पातळ होजिअरी शिवली की कड झालरीसारखी लहरते, कारण शिवताना कापड ताणलं जातं. तीच पट्टी १.५ वर शिवली की सपाट बसते. रिबसाठी २ पर्यंत जावं लागतं. शिफॉन, जॉर्जेटसारख्या कापडावर शिवण आखडत असेल तर १ च्या खाली या. कापड बदललं की आधी कतरणीवर पट्टी शिवा आणि तिच्यावरच आकडे लिहून ठेवा. अशा पट्ट्यांची वही माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

सुरीबद्दल सावध राहा. टाचणीवरून गेली की पात्याला खाच पडते आणि पुढची प्रत्येक कड कुरतडल्यासारखी निघते. चिमटे वापरा. कापडाची घडी खाली सरकली आहे का हे हाताने चाचपून पाहा. बाहीच्या टोकाला नेमकं हेच होतं आणि कापलेलं परत जोडता येत नाही. चार दोऱ्यांचा टाका साधारण ६-७ मिमी रुंद बसतो. मार्जिन दीड सेंटीमीटर ठेवलं असेल तर अर्ध्याहून जास्त कापलं जातं, म्हणून फिटिंग कच्च्या टाक्यांवर आधीच बघून घ्या. कमरेचं इलॅस्टिक लावताना सुरी बंदच हवी.

दोऱ्याचा खप दचकवणारा आहे, आणि त्यात सर्वात जास्त खातात ते लूपर. प्रत्येक कपड्यासाठी चार कोन जुळवायची गरज नाही. उलगडणाऱ्या शिवणीतून डाव्या सुईचा दोरा दिसतो, तेवढाच रंगाला जुळवा. लूपरना फिका, राखाडी आणि काळा पुरतात. होजिअरीला ७५ नंबरची बॉलपॉइंट सुई, सुती कापडाला ८० ची. दोन सुया वर-खाली दिसतात ती चूक नाही, रचनाच तशी आहे.

खटकतं ते असं: आतले कोपरे कठीण जातात, आणि शिवणीच्या टोकाला पक्का टाका नसल्याने दोरे सुटतात. टोकाला पाच-सहा सेंटीमीटर दोऱ्यांची साखळी सोडा आणि मोठ्या नेढ्याच्या सुईने ती टाक्यांखालून मागे ओवून घ्या. शिवाय सुरीखाली इतकी कापूस-धूळ साचते की प्रत्येक कपड्यानंतर ब्रश मारावाच लागतो.