रक्त घेतले, तपासले मात्र नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात मी एकतीस वर्षे स्टोअरकीपर होतो. आलेल्या मालाचे चलन वाचायचे, माल मोजायचा आणि दोन्हींचा मेळ बसल्याखेरीज इनवर्ड रजिस्टरमध्ये सही करायची नाही, एवढेच माझे काम होते. अशा माणसाने गेल्या डिसेंबरात रक्ताचा एक अहवाल न वाचताच खरा मानला आणि त्यापायी १३,६०० रुपये घालवले, हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु आमच्या गल्लीतील आणखी दहा घरे याच मार्गाने गेली, म्हणून लिहीत आहे.

मंगळवार पेठेत आमच्या घराजवळच्या तालमीच्या हॉलमध्ये ‘हाडांचे आरोग्य’ या नावाने शिबिर भरले. व्हिटॅमिन डी, बी १२ आणि कॅल्शिअम या तिन्ही तपासण्या ३९९ रुपयांत होणार होत्या. आमच्या नेहमीच्या लॅबने एकट्या व्हिटॅमिन डीचे १,४०० रुपये सांगितले होते, त्यामुळे मोह झाला. उपाशीपोटी यावे असे त्यांनी बजावले होते. या तपासण्यांना उपाशी राहण्याची गरज नसते हे मला नंतर कळले. त्या वेळी मात्र त्या शिस्तीमुळेच सगळा प्रकार भरवशाचा वाटला. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी माझे रक्त घेतले. रक्त घेणारा मुलगा विशीतला, हाताने सफाईदार होता. प्रत्येकाचे रक्त जांभळ्या टोपणाच्या एकाच छोट्या नळीत घेऊन, पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने नाव लिहून तो ती खिडकीपाशी, थेट उन्हात ठेवलेल्या स्टँडमध्ये लावत होता. साडेअकराला शिबिर आवरले तेव्हाही नळ्या तिथेच होत्या. बर्फाची पेटी मला तरी कुठे दिसली नाही.

अहवाल त्याच दिवशी दुपारी मोबाइलवर आले. माझे व्हिटॅमिन डी ९.२, पत्नीचे ८.७, दोघांचेही आकडे लाल रंगात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयात बोलावणे आले. पांढरा कोट घातलेल्या बाईंनी स्वतःची ओळख ‘आरोग्य सल्लागार’ अशी करून दिली आणि माझा अहवाल टेबलावर उलटा ठेवून म्हणाल्या, “काका, हाडं आतून पोखरल्यात. आता पडलात तर उठायचं नाव नको.” आपल्याकडे व्हिटॅमिन डीची कमतरता खरोखरच पुष्कळांना असते. बंद खोलीतले काम, अंगभर कपडे, वाढते वय, कारणे अनेक असतात. म्हणूनच ‘तुमचे कमी आहे’ हे वाक्य कोणालाही सांगितले तरी ते पटते, आणि या लोकांचा सगळा धंदा त्याच पटण्यावर चालतो. दोघांसाठी सहा महिन्यांचे ‘किट’ घेऊन मी मोबाइलवरूनच पैसे भरले. पैसे कोणा व्यक्तीच्या नावावर जमा होत आहेत हे पडद्यावर स्पष्ट दिसत होते, तरीही मी थांबलो नाही.

शंका आली ती पत्नीमुळे. तिने उन्हाळ्यात आमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ६०,००० युनिटची गोळी आठ आठवडे, दर आठवड्याला एक याप्रमाणे घेतली होती आणि त्यानंतर महिन्याला एक चालू होती. “अहो, एवढ्या गोळ्या घेऊन माझं आठ कसं?” हा तिचा प्रश्न मी नऊ दिवस टोलवला. दहाव्या दिवशी भाची घरी आली. ती एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. अहवाल हातात घेण्याआधीच तिने विचारले, “मामा, रक्त घेतलं त्या नळीचं टोपण कुठल्या रंगाचं होतं?” मी जांभळे म्हणताच ती हसली.

तिने समजावले ते असे. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. ते रक्तातील कॅल्शिअमला बांधून ठेवते आणि त्यामुळेच रक्त गोठत नाही. हिमोग्रामसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजण्यासाठी, ती नळी योग्य. पण तिच्यातल्या रक्तात कॅल्शिअम मोजायला गेल्यास आकडा जवळजवळ शून्यावर येतो, म्हणून कॅल्शिअमसाठी लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत वेगळे रक्त घ्यावे लागते. आमच्या अहवालात कॅल्शिअम ८.१ होते, म्हणजे ‘थोडेसे कमी’, घाबरवायला पुरेल इतपत. त्या नळीतून तो आकडा निघणे शक्यच नव्हते. व्हिटॅमिन डीच्या रकान्यातही घोळ होता: एकक नॅनोमोल प्रति लिटर छापलेले आणि शेजारी सामान्य मर्यादा ३० ते १००, जी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरची असते. मिलिलिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे लिटरला सुमारे अडीच नॅनोमोल. त्या हिशेबाने माझे ९.२ म्हणजे चार नॅनोग्रॅमहूनही कमी झाले असते. अर्थात ज्याने मोजलेच नाही त्याला एककाशी काय देणेघेणे?

मग माझ्यातला स्टोअरकीपर उशिरा का होईना जागा झाला. गल्लीतील अकरा जणांचे अहवाल गोळा करून मी जेवणाच्या टेबलावर मांडले. सर्वांचे व्हिटॅमिन डी ८.१ ते ९.८ यांच्या दरम्यान होते. सर्वांचे रक्त ९ वाजून १५ मिनिटांनी घेतल्याची नोंद होती. सही तर सर्वांवर इतकी तंतोतंत एकसारखी होती, की सहीच्या शेपटीवरचा शाईचा ठिपकाही प्रत्येक कागदावर त्याच जागी आला होता. सहीखाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. अशा अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

आम्ही दोघांनी दुसरीकडे, जिथे पॅथॉलॉजिस्ट स्वतः बसतात अशा लॅबमध्ये २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे व्हिटॅमिन डीचीच नेहमीची तपासणी, पुन्हा केली. पत्नीचे ४१ नॅनोग्रॅम आले. माझे आले १७.६, म्हणजे मला कमतरता होतीच! डॉक्टरांनी मला आठ आठवड्यांच्या आठ गोळ्या लिहून दिल्या, त्यांचा खर्च तीनशे रुपयांच्या आसपास आला. पत्नीच्या बाबतीत मात्र ते गंभीर झाले. किटमध्ये दर आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी होती आणि वर रोजचे थेंब. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते, जास्त झालेले लघवीवाटे सहज निघून जात नाही. रक्तातील कॅल्शिअम वाढते, मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान सुरू होते आणि पुढे मूत्रपिंडांवर ताण येतो. सहा महिने ते किट तिने इमानाने घेतले असते, तर पैसे जाणे ही आमच्या नुकसानीची लहान बाजू ठरली असती. तिचे कॅल्शिअम लगेच तपासले, ते ठीक निघाले.

मी कार्यालयात गेलो तेव्हा शटर बंद होते आणि फोनही. पावतीवर ‘आरोग्य किट’ एवढेच लिहिले आहे. संस्थेचा पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. पोलीस ठाण्यात अकरा जणांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. अजून एक रुपयाही परत आलेला नाही. तालमीच्या कार्यकर्त्यांना हॉल दिल्याचे वाईट वाटते. आता पॅथॉलॉजिस्टचे नाव आणि नोंदणी क्रमांक लेखी घेतल्याशिवाय ते कोणाला हॉल देत नाहीत.

गेल्या महिन्यात कसबा बावड्यात मेहुण्याकडे गेलो असता कोपऱ्यावर तसेच एक शिबिर दिसले. माणसे वेगळी होती, फलकावर थायरॉईड आणि कॅल्शिअम होते. मी रांगेत उभा राहिलो आणि माझी पाळी आल्यावर कॅल्शिअमसाठी कोणती नळी वापरता, असे विचारले. मुलाने मान वर न करता जांभळे टोपण उघडले.

“एकच नळी सगळ्याला चालती की, काका.”

मी बाही खाली केली आणि मागे उभ्या असलेल्या आजींना माझ्याबरोबर बाहेर यायला सांगितले.