पेटी ५२ डॉलरची, आंबे अकरा

मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून हापूस मागवला. १२ फळं, ५२ डॉलर, शनिवारी सकाळी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका पार्किंगमध्ये जाऊन उचलायची. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल तक्रार आहे.

पेटी म्हणायची सवय, एवढंच. असतो पुठ्ठ्याचा खोका. पेंढा नाही, तो वासही नाही. हवेच्या भोकांना बारीक जाळी चिकटवलेली आणि बाजूला हिरवं गोल चिन्ह: ‘ट्रीटेड बाय इर्रेडिएशन’, म्हणजे किरण दिलेला माल. माझं माहेर राजापूरचं. पहिल्या वर्षी हे वाचून मी पेटी तशीच मिटून ठेवली होती. नवऱ्याने कापून खाल्ला, दुसऱ्या दिवशीही धडधाकट दिसला, मग मी खाल्ला.

अमेरिकेला धास्ती फळमाशीची आणि बाठ्यात लपणाऱ्या भुंग्याची. त्यापायी आपला आंबा इथे कित्येक वर्षं बंद होता. २००७ मध्ये वाट मोकळी झाली ती एका मुख्य अटीवर: किडी मारण्यासाठी किंवा त्यांची वाढ थांबवण्यासाठी प्रत्येक फळाला किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांचं माप) इतके किरण द्यायचे. पहिली खेप निघाली लासलगावहून, म्हणजे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेल्या केंद्रातून! आता वाशीलाही सोय आहे. हे काम अमेरिकी निरीक्षकाच्या देखत व्हावं लागतं. कोविडमध्ये त्याला येता येईना, तर २०२० आणि २०२१ चे दोन्ही हंगाम कोरडे गेले. २०२५ च्या मे महिन्यात तर १५ खेपा कागदांतल्या चुकीवरून इथल्या विमानतळांवर अडवल्या. परत न्यायचं भाडं परवडेना म्हणून व्यापाऱ्यांनी आंबा इथेच नष्ट केला. फळात खोट नव्हती, फॉर्ममध्ये होती.

तर ५२ डॉलरमध्ये आंब्याचे किती आणि विमानाचे, किरणांचे, निरीक्षकाचे किती, हा हिशोब मी आईला सांगायला गेले. ती म्हणाली, “एका आंब्याला साडेतीनशेच्या वर? काय गो, सोन्याचा बाठा आहे का त्यात?”

आता चव. सहा आंबे उत्तम होते, साल पातळ, गर केशरी, दोरा नावाला नाही. वास मात्र खोली भरून टाकणारा नाही, नाक देठापाशी न्यावं लागतं. पाच बरे. बारावा बाहेरून देखणा, कापला तर बाठ्याभोवती पांढरट, चामट साका. साका बाहेरून कुणालाच दिसत नाही, त्याचा दोष विकणाऱ्याला देत नाही.

तक्रार वेगळी आहे. मेसेजमध्ये ‘अस्सल देवगड’ लिहिलं होतं. खोक्यावर फक्त ‘अल्फान्सो, प्रॉडक्ट ऑफ इंडिया’. त्या पाच बऱ्या आंब्यांची साल जाड आणि गर पिवळा होता, मला ते कर्नाटकी वाटले. विचारलं तर उत्तर आलं, “ताई, जीआय टॅग आहे ना!” आहे, २०१८ पासून, कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला; म्हणजे त्याच भागातल्या फळाला ते नाव लावायचा हक्क. पण तो भारतातला कायदा. एडिसनच्या पार्किंगमध्ये तो कोण लावणार? पैसे परत मागितले नाहीत, पण पुढच्या वेळी खोक्यावर पॅकहाऊसचं, म्हणजे आंबा जिथे भरला त्या जागेचं, नाव असतं त्याचा फोटो आधी मागणार आहे.

मुलीला विचाराल तर ती मेक्सिकोचा पिवळा आंबाही तितक्याच आनंदाने खाते. तो ट्रकने येतो, अख्खा खोका आपल्या तीन-चार आंब्यांच्या भावात. रस काढायचा असेल तर तोच घ्या, वेलची घातली की पाहुण्यांना कळत नाही. (मला कळतं.)

हापूस घेतलात तर पिकवायला पेंढ्यात आढी घालत बसू नका. साल चारच दिवसांत सुरकुतायला लागते. फ्रिजबाहेर वर्तमानपत्रावर एका थरात ठेवा, रोज उलटा आणि मऊ झाला की त्याच दिवशी कापा.

पाचपैकी साडेतीन. दुसरी पेटी सांगितली आहे, पण केशरची आणि दुसऱ्याकडून.