रोप घ्या, चिठ्ठीवर जाऊ नका

फेब्रुवारीत ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका रोपवाटिकेतून अक्कलकाढ्याची तीन रोपं आणली, ६० रुपयांना एक. आता सप्टेंबर आहे. रोपाला माझ्याकडून पाचपैकी पाच. त्याच्यासोबत जी चिठ्ठी देतात, तिला शून्य.

आधी रोपाबद्दल. काळ्या पिशवीत वीतभर उंचीची, बुडापासून फांद्या फुटलेली, पानाखाली मावा नाही. पिशवी फाडली तर मुळं पांढरी आणि मोकळी होती. बऱ्याच ठिकाणी जुनी, गुंडाळी झालेली मुळं गळ्यात मारतात, इथे तसं झालं नाही.

रोपं देणाऱ्या मावशींनी एक पिवळं फूल तोडून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, "ताई, चावून बघा. जीभ झिणझिणली नाही तर घेऊ नका." पहिल्यांदा नुसती गवताची चव आली. मग जिभेच्या शेंड्याला मुंग्या आल्या, तोंडाला पाणी सुटलं आणि जीभ बधिर झाली. दहा मिनिटं तरी तसंच होतं. हे स्पिलँथॉल नावाच्या द्रव्यामुळे होतं. मला मात्र त्या क्षणी कुडाळजवळचं आमचं परसू आठवलं. तिथे न्हाणीच्या सांडपाण्यावर हे आपोआप वाढायचं. दाढ ठणकली की आजी फूल द्यायची आणि बजावायची, "दाढेखाली धर, गिळू नको."

फुलाला पाकळ्या नाहीत. सूर्यफुलाच्या कुळातलं असूनही भोवती झालर नसते, बोंडासारखा पिवळा शंकू तेवढा असतो आणि कोवळेपणी त्याच्या टोकाला तांबूस ठिपका. घरी येणारे विचारतात, अजून उमललं नाही का? उमललेलंच असतं.

आता चिठ्ठी. तिच्यावर फोटो पांढऱ्या पाकळ्यांच्या फुलाचा. खाली लिहिलंय: 'अक्कलकारा. मूळ औषधी. कडक ऊन, पाणी कमी.' हे वर्णन दुसऱ्याच झाडाचं आहे. आयुर्वेदात ज्याचं मूळ वापरतात तो अक्कलकारा उत्तर आफ्रिकेकडचा, कोरड्या जमिनीत रमणारा. आपला पिवळ्या बोंडाचा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याला ओलावा लागतो. दोघांनी जीभ झिणझिणते म्हणून आपल्याकडे नाव एकच पडलं. मी चिठ्ठीवर विश्वास ठेवून एक कुंडी पश्चिमेच्या ग्रिलमध्ये ठेवली, तिसऱ्या दिवशी पाणी घातलं. मार्चच्या मध्यावर पानांच्या कडा करपल्या आणि आठवड्यात रोप गेलं.

उरलेली दोन पूर्वेच्या खिडकीत हलवली. दहापर्यंतचं ऊन, रोज पाणी, मे महिन्यात दोन वेळा. मातीत एक तृतीयांश शेणखत. शेंडे खुडत राहिले तर झुडूप भरगच्च होतं, नाहीतर फांद्या लोळतात. लोळलेली फांदी मातीला टेकली की पेरातून मुळं फुटतात, तीच कापून नवी कुंडी करायची. दोनाच्या सात कुंड्या झाल्या आहेत.

बियांचंही सांगते. सुकलेलं बोंड चोळलं की तिळाहून बारीक, काळपट बी पडतं. पहिल्या खेपेला मी ते मातीत पुरलं, एकही उगवलं नाही. त्याला उजेड लागतो. दुसऱ्या खेपेला नुसतं वर भुरभुरलं, हलकं दाबलं, फवाऱ्याने ओलं ठेवलं, आणि आठव्या दिवशी हिरवी टाचणीटोकं दिसली.

ब्राझीलच्या पारा भागात ताकाका नावाच्या सूपमध्ये याची पानं घालतात हे कळल्यावर मीही चार पानं मुगाच्या आमटीत टाकली. शिजल्यावर झिणझिण्या बऱ्याच उतरतात, चव पालेभाजीसारखी लागते. आवडली.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला 'मुले लवकर बोलू लागतात' असंही छापलंय. याचा मला खरंच राग आला. जिभेला फूल चोळायची रीत आमच्या घरातही होती आणि माझ्या पुतण्यावर ती झाली. पण तो बोलायला लागला तो स्पीच थेरपिस्टकडे वर्षभर नेल्यावर, आणि त्याआधीचे आठ महिने आम्ही फुलाच्या भरवशावर घालवले. साठ रुपयांच्या रोपासोबत कुणाला असा भरवसा देऊ नये.

ऑगस्टमध्ये फूल आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन मी परत गेले. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं, चिठ्ठ्या छापील गठ्ठ्याने येतात म्हणाले. गेल्या रविवारी पाहिलं तर तीच चिठ्ठी लटकत होती. मावशी मात्र प्रत्येकाला तोंडी नीट सांगतात: सावली थोडी, पाणी रोज. त्या असतील तेव्हाच जा. सोमवारी त्यांची सुट्टी असते.