निर्मितीचं पदव्युत्तर शिक्षण: एमए, एमएफए की कला व्यवस्थापन?

नाटक, चित्रपट, महोत्सव, कलाप्रदर्शन, संगीताचे कार्यक्रम या सगळ्यांना स्वतः रंगमंचावर किंवा कॅमेऱ्यासमोर न येता काम उभं करणारी माणसं लागतात. पैसा जमवायचा, हक्क मिळवायचे, माणसं जोडायची, वेळापत्रक सांभाळायचं आणि या धावपळीत मूळ कलाकृतीला धक्का लागू द्यायचा नाही, हे त्यांचं काम, म्हणजेच निर्मिती. पदवीनंतर हे रीतसर शिकायचं ठरवलं तर समोर ढोबळमानाने तीन वाटा येतात: सांस्कृतिक आणि सर्जनशील उद्योगांचं एमए, चित्रपट किंवा नाट्य विद्यालयातला निर्मितीचा अभ्यासक्रम, आणि कला व्यवस्थापन.

तिन्हींची माहितीपत्रकं शेजारी ठेवली तर शब्द जवळपास तेच दिसतात. सर्जनशीलता, नेतृत्व, उद्योजकता, प्रत्यक्ष अनुभव. म्हणून अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका. शेवटच्या सहामाहीत विद्यार्थ्याकडून काय करून घेतात आणि ते वेळेत झालं नाही तर कोणाचं अडतं, एवढं आधी शोधा. प्रबंध रखडला तर फक्त तुमचं अडतं. चित्रपट किंवा प्रयोग रखडला तर दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, नट अशा सगळ्यांचं अडतं. निर्मितीचं शिक्षण खऱ्या अर्थाने या दुसऱ्या ठिकाणी होतं, असं माझं ठाम मत आहे. पण ते प्रत्येकाला हवंच असं नाही.

वर्षभराचं एमए

१९९८ मध्ये ब्रिटिश सरकारने सर्जनशील उद्योगांची पाहणी करून १३ क्षेत्रांची यादी केली. जाहिरात, वास्तुकला, चित्रपट, संगीत, प्रकाशन, सॉफ्टवेअर अशी एरवी वेगळी मोजली जाणारी क्षेत्रं त्यात एकाच छत्रीखाली आली. पुढे विद्यापीठांतही या विषयाचे स्वतंत्र अभ्यासक्रम रुजले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये सांस्कृतिक आणि सर्जनशील उद्योगांचं एमए आहे, गोल्डस्मिथ्समध्ये सांस्कृतिक उद्योजकतेचं आहे. ब्रिटनमधलं पूर्णवेळ एमए सहसा एका वर्षाचं आणि १८० क्रेडिटचं असतं, आणि त्यातली ६० क्रेडिट बहुधा प्रबंधाला जातात. म्हणजे एक तृतीयांश वजन लेखनाला. युरोपात इतरत्र हीच पदवी बहुतेक वेळा दोन वर्षांची असते.

इथे मिळतं ते समजून घेण्याचं बळ, आणि त्याला मी कमी लेखत नाही. एक उदाहरण घ्या. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांचं अर्थकारण मांडलं. कारखान्यात यंत्रं सुधारतात, तेवढ्याच वेळात जास्त माल निघतो, पगार वाढतात. पण चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. वादकांचा मेहनताना मात्र इतर क्षेत्रांच्या बरोबरीने वाढवावाच लागतो, नाहीतर माणसं टिकत नाहीत. त्यामुळे खर्च आणि तिकीटविक्री यांतली दरी वाढत जाते, गैरव्यवस्थापन नसलं तरीही. हे ज्याला नीट कळलं आहे तो अनुदानाच्या अर्जात गयावया करत नाही. तो हिशेब मांडतो. प्रायोजकासमोर, न्यासासमोर किंवा सरकारी समितीसमोर बसणाऱ्या माणसाला या समजुतीचा रोज उपयोग होतो.

संग्रहालय, सांस्कृतिक न्यास, महोत्सवाचा कार्यक्रम विभाग, सरकारी सांस्कृतिक खातं, संशोधन, अध्यापन या दिशांना जायचं असेल तर एमए घ्या. अशा ठिकाणी भरतीच्या अटींतच पदव्युत्तर पदवी लिहिलेली सापडते आणि वर्षभरात ती हाती येते. पण वर्ष म्हणजे प्रत्यक्षात शिकवणीचे जेमतेम आठ-नऊ महिने. त्यातली इंटर्नशिप काही आठवड्यांची असेल तर तुम्ही बैठकीत बसाल, टिपणं काढाल, मेल पाठवाल. निर्णय तुमच्याकडे येणार नाही.

निर्मितीचा अभ्यासक्रम

लॉस एंजेलिसच्या एएफआय (अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट) कॉन्झर्व्हेटरीत दोन वर्षांत सहा शाखा शिकवल्या जातात: दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण, संकलन, कला दिग्दर्शन आणि निर्मिती. प्रत्येक शाखेतला एकेक विद्यार्थी घेऊन संच बनतो आणि तो चित्रपट करतो. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये आणि पॅरिसच्या ला फेमिस या चित्रपट विद्यालयातही निर्मितीची स्वतंत्र शाखा आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून चालू आहे. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम अभिनय, दिग्दर्शन आणि नेपथ्य-प्रकाश अशा अंगांनी जातो. निर्माता घडवणं हा त्याचा मुख्य हेतू नाही, तरी नाटक उभं राहताना आतून बघायचं असेल तर असा अभ्यासक्रम बरंच शिकवतो.

या शाळांमधून काय मिळतं ते एका प्रसंगावरून सांगतो. पटकथेत एक ओळ आहे: रात्र, रस्ता, पाऊस. दिग्दर्शन शिकणाऱ्याने ती मनापासून लिहिली आहे, कथेला तिची गरज आहे. निर्मिती शिकणारा ती ओळ वाचतो तेव्हा त्याला पाण्याचा टँकर दिसतो, जनरेटर दिसतो, रस्त्याची परवानगी दिसते. कपडे भिजणार, पुढच्या टेकला ते कोरडे हवेत, म्हणजे प्रत्येक पोशाखाच्या दोन-तीन प्रती. रात्रभर काम झालं तर युनिटला पुरेशी विश्रांती द्यायलाच हवी, म्हणजे दुसऱ्या दिवसाचं सकाळचं चित्रीकरण गेलं. बजेटमध्ये आकस्मिक खर्चासाठी दहा टक्के बाजूला ठेवायची रीत आहे, ते दहा टक्के या एका ओळीत संपणार. आता दिग्दर्शकाशी बोलायचं. पाऊस काढून टाक म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. खिडकीच्या आतून पाऊस दाखवला तर प्रसंगाचा जीव राहील का? पाऊस पडून गेल्यानंतरचा ओला रस्ता चालेल का? की दुसरा एखादा प्रसंग गाळून हा पूर्ण करायचा? हा संवाद तुसडेपणा न करता आणि शरण न जाता करता येणं हे निर्मात्याचं खरं कौशल्य. ते व्याख्यानातून येत नाही. एकाच संचाबरोबर पुन्हा पुन्हा काम करून, भांडून आणि भांडण मिटवून येतं.

हक्कांचंही तसंच. विद्यार्थी लघुपटात एखादं गाणं फक्त महोत्सवांपुरत्या परवानगीवर वापरलं जातं, कारण ती स्वस्त पडते. पुढे वितरक किंवा ओटीटी मंच चित्रपट घ्यायला तयार झाला की तीच परवानगी अपुरी ठरते आणि गाण्याचा मालक नव्याने भाव सांगतो. गाणं बदलायचं तर ध्वनीमिश्रण पुन्हा. चांगल्या संस्थेत चित्रीकरणाआधी विद्यार्थ्याकडून हक्कांचे कागद मागतात: कथेचा करार, नटांची संमती, संगीताचे दोन्ही हक्क, म्हणजे रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. हे कागद कंटाळवाणे वाटतात, पण ते नसले तर संपूर्ण युनिटची मेहनत कपाटात पडून राहते.

या वाटेची किंमतही मोठी आहे. दोन ते तीन वर्षं कमाई नाही, प्रवेश स्पर्धेतून, आणि काम दिवसाचे बारा-चौदा तास. पदवी कोणती मिळते तेही तपासा. अमेरिकेत एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही सर्जनशील कलांमधली अंतिम पदवी धरली जाते, तिच्यावर विद्यापीठात शिकवता येतं. इतर देशांत तसं गृहीत धरू नका. पदविका असेल तर पुढे पीएचडीला किंवा अध्यापनाला ती पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची मानली जाते का, हे लेखी विचारून घ्या.

कला व्यवस्थापन

हे दोन्हींच्या मधलं. निधी उभारणी, विपणन, मनुष्यबळ, विश्वस्त मंडळाशी व्यवहार, प्रेक्षागृह चालवणं हे विषय. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या नाट्य विद्यालयातलं नाट्य व्यवस्थापन याचा उत्तम नमुना आहे, कारण तिथले विद्यार्थी विद्यालयाला जोडलेल्या व्यावसायिक नाट्यगृहात जबाबदारीच्या जागा सांभाळतात. तिथे एमएफएला व्यवस्थापन विद्यालयाची एमबीए जोडून चार वर्षांत दोन्ही करता येतात. १५ कोटी डॉलरच्या देणगीमुळे २०२१ पासून त्या नाट्य विद्यालयात शिक्षणशुल्कही नाही, म्हणून नुसतं परदेशी नाव बघून हा पर्याय खोडू नका.

नुसतं एमबीए मात्र मी पहिल्याच फटक्यात सुचवणार नाही. हाताशी काही वर्षांचा कामाचा अनुभव असेल आणि संस्था चालवायची असेल तरच.

मग निवड कशी करायची?

कामाची जागा आधी ठरवा. युनिटमध्ये, तालमीच्या खोलीत, प्रयोगाच्या दौऱ्यावर राहायचं असेल तर दुसरी वाट. संस्थेत राहून अनेकांच्या कामाला आधार द्यायचा असेल तर पहिली किंवा तिसरी. सध्या एखाद्या चांगल्या निर्मितीसंस्थेत सहायक म्हणून पगारी काम मिळत असेल तर सरळ ते घ्या, दोन वर्षांनी अर्ज करा. चित्रपट आणि नाटकाच्या व्यवसायात पुढचं काम आधीच्या कामावरून मिळतं, आणि प्रवेशाच्या मुलाखतीतही अनुभवी उमेदवाराचं बोलणं वेगळं उठून दिसतं. ज्यांच्या घरात या क्षेत्रातलं कोणी नाही आणि ओळखीही नाहीत, त्यांच्यासाठी मात्र चांगली संस्था हा दार उघडण्याचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग आहे. तिथे भेटलेले सहविद्यार्थीच पुढची वीस वर्षं बरोबर काम करतात. युरोपातला डॉकनोमॅड्स हा माहितीपटाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पोर्तुगाल, हंगेरी आणि बेल्जियम अशा तीन देशांत फिरून होतो. तिथून निघणाऱ्याकडे चित्रपटांबरोबर तीन देशांतल्या सहनिर्मितीच्या ओळखीही असतात.

संस्था पारखताना संकेतस्थळावरच्या यशोगाथा बाजूला ठेवा. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठा आणि त्यांच्या वर्गातले किती जण आज निर्मितीत आहेत हे विचारा. सगळ्यात नावाजलेल्या विद्यार्थ्यापेक्षा मधल्या फळीतल्याचं उत्तर जास्त कामाचं असतं. शिकवणारे सध्या स्वतः काम करतात का, हेही विचारा. करारांचे नमुने आणि वितरणाच्या पद्धती झपाट्याने बदलतात, दहा वर्षांपूर्वीचा अनुभव पुरत नाही. इंटर्नशिप असेल तर ती कोण मिळवून देतं, विद्यार्थी स्वतः की संस्था, आणि तिथे मेहनताना मिळतो का?

आणि एक प्रश्न बहुतेक अर्जदार विचारतच नाहीत: विद्यार्थ्याने केलेल्या चित्रपटाचे किंवा प्रयोगाचे हक्क कोणाकडे राहतात? काही ठिकाणी ते संस्थेकडे असतात, काही ठिकाणी विद्यार्थ्याकडे, काही ठिकाणी वाटून. संस्थेकडे असतील तर तुमचाच चित्रपट महोत्सवाला पाठवायला किंवा विकायला तुम्हाला परवानगी लागेल, आणि त्यातून आलेले पैसे कोणाचे हेही त्यांचे नियम ठरवतील. प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी हे नियम मागवा आणि शांतपणे वाचा. ते द्यायला संस्था टाळाटाळ करत असेल तर तिथे निर्मिती शिकायला जाऊ नका.